एकादशीचे रक्त

अमरावती, ९ जानेवारी १९४९

गाळणकागदाची चौथी पट्टीही फुकट गेली. मधोमध वाळली आणि विजेचा प्रवाह तुटला. बोकडाचे रक्त संपले. पुन्हा खाटकाकडे कोणाला तरी पाठवणे आले. वसतिगृहात त्या बाटलीवरून आधीच वाद. खोलीतली शांता म्हणते, बाटली खिडकीबाहेर ठेव, नाहीतर मी खिडकीबाहेर झोपते.

सरांनी रविवारची किल्ली दिली खरी, पण प्रयोगशाळेच्या दारात शिपायाला स्टूल टाकून बसवले. मुलांना किल्ली मिळते तेव्हा शिपाई घरी जातो. मी काय पळवणार आहे? तराजू?

द्रावणासाठी व्हेरोनाल लागते, म्हणजे झोपेचे औषध. औषधाच्या दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले आणि घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारले. सरांची चिठ्ठी नेल्यावरच पुडी मिळाली. चिठ्ठीत सरांनी 'ही मुलगी अभ्यासू आहे' असे लिहिले होते. अभ्यासू माणसे विष घेत नाहीत, असा एकंदर आशय.

उद्या पट्टीवर काचेचे झाकण ठेवून पाहणे.


१२ जानेवारी

जमली.

दोन तबकांत द्रावण. त्यांवर पूल टाकावा तशी गाळणकागदाची ओली पट्टी, वर काच. दोन्ही तबकांत टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कोळशाच्या कांड्या, त्यांना रेडिओची कोरडी बॅटरी. पट्टीवर रक्तजलाची एक बारीक रेघ. रक्त गोठल्यावर जे पिवळट पाणी वर सुटते, त्याची. सकाळी सातला प्रवाह सुरू, संध्याकाळी पाचला बंद. मग वाळवली, निळ्या रंगात बुडवली, धुवत राहिले. कागद पांढरा झाला आणि प्रथिने तेवढी निळी राहिली.

पाच पट्टे. विजेच्या ओढीने सर्वांत पुढे गेलेला, सर्वांत जाड, तो अल्ब्युमिनचा. त्याच्या मागे ग्लोब्युलिनांचे, एकापेक्षा एक रेंगाळलेले. एकाच थेंबात हे सगळे मिसळलेले होते आणि आता एकामागे एक उभे आहेत. मी बराच वेळ नुसती पाहत राहिले.

सरांनी चष्मा काढून पाहिले. विचारले, "कोणी केली?" शिपायाने केली असावी असे त्यांना वाटले की काय.

मूळ कल्पना त्यांचीच, हे नोंदवले पाहिजे. नागपूरच्या ग्रंथालयातून त्यांनी एका परदेशी नियतकालिकाची टिपणे आणली होती. तिथे कोणी कागदावर अमिनो आम्ले अशीच वेगळी केली आहेत. रक्तजल का नको, हा प्रश्न माझा. या रीतीला मी रोजनिशीत विद्युत्कणसंचलन म्हणते. मॅट्रिकपर्यंत सारे मराठीत शिकले. विचार अजून मराठीतच सुचतो. यापुढे वि.सं.

यांतल्या काही प्रथिनांना साखर जोडलेली असते असे वाचले. ती कोणत्या पट्ट्यात, हे कसे ओळखावे? परीक्षेनंतर.


अकोला, १६ जानेवारी

संक्रांतीला घरी. वाडीत वांगी आणि कोथिंबीर जोरात आहे, बाबांना मान वर करायला फुरसत नाही. तिळगूळ घेऊन महिला सदनात गेले, गोदीकडे.

गोदी शेजारच्या वाडीतली. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर. मग तिचे लग्न झाले, माझी शाळा पुढे गेली. सतराव्या वर्षी कपाळ पांढरे झाले, सासरच्यांनी आणून सदनात सोडले. दोन वर्षे झाली. ती हसत बाहेर आली, पण चाल निराळीच. पायांत दुसऱ्याचे पाय घातल्यासारखी.

म्हणाली, "पाय पाह्य ना वं माह्ये. काहीच नाई करत, आन् सुजून राह्यले."

नडगीवर अंगठा दाबला. उचलल्यावर खळगा तसाच राहिला. माझ्या मनात पन्नास अंक मोजून झाले तरी भरला नाही. आणखी चारजणींचे तसेच. व्यवस्थापिका काशीबाई म्हणाल्या, पाणी लागले आहे. इतक्या वर्षांच्या विहिरीचे पाणी यंदाच कसे लागले, हे विचारायचे होते. विचारले नाही. माझी जीभ अशा वेळी टाळूला चिकटते.

सदनातले जेवण: सकाळी भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी तेच. वरण रविवारी. दूध नाही. धान्य कमी आहे म्हणून असे असते तर मी गप्प बसले असते. कोठीत तुरीच्या डाळीची पोती आहेत, दात्यांनी दिलेली, सणासुदीच्या पंगतीसाठी राखलेली. कारण भिंतीवरच्या नियमावलीत आहे, सुवाच्य अक्षरात: उष्ण व पौष्टिक अन्नाने निराधार तरुण स्त्रियांचे मन चंचल होते, सबब आहार सात्त्विक असावा.

तुरीच्या डाळीने मन चंचल होते हे कोणी, कोणत्या परीक्षानळीत तपासले?


१७ जानेवारी

परतण्यापूर्वी जनाना दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या महिन्यातून एकदा सदनात जातात. त्यांनी या पाचजणींची लघवी तपासली आहे. मूत्रपिंडांत दोष नाही. त्यांच्या मते ही सूज अन्नाची आहे. डाळ नाही, दूध नाही, म्हणून रक्तातले अल्ब्युमिन घटते, आणि ते घटले की पाणी शिरांतून सुटून पायांत साचते. सदनाच्या समितीला, तिच्या चिटणीस वकिलांना, त्यांनी हे तीनदा सांगितले. तिन्ही वेळा चहा मिळाला.

मी पट्टीविषयी सांगितले, बहुधा फार भरभर. त्यांनी मला थांबवून पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "म्हणजे अल्ब्युमिन किती, ते डोळ्यांना दिसेल? वकिलालाही?"

दिसेल.


२५ जानेवारी, रात्री गाडीत पेन्सिलीने

पहाटे अमरावतीहून निघाले, बडनेऱ्याला गाडी बदलली, दहाला अकोला. गोदीने निरोप दिला होता, मंगळवारी ये, त्या दिवशी सकाळी चूल नसते, साऱ्याजणी मोकळ्या असतात. डॉक्टरीणबाई सुई-नळी घेऊन आल्या. पाचजणींचे रक्त घेतले. काशीबाई तेवढा वेळ तोंड फिरवून माळ जपत होत्या.

गोदी दंड पुढे करून म्हणाली, "घे बाई, घे. सदनात मागितल्यावर देण्यासारखं माह्यापाशी येवढंच हाये."

तुलनेसाठी माझे, डॉक्टरीणबाईंचे आणि त्यांच्या नर्सचे. दवाखान्यात रक्तजल वेगळे केले. आठ कुप्या, मेणाने बंद, सोडावॉटरवाल्याकडचा बर्फ आणि लाकडाचा भुसा भरलेल्या डब्यात. प्रत्येकीवर आकडा आणि तारीख स्वच्छ अक्षरात: २५-१-४९. डबा मांडीवर आहे. समोरच्या आजीबाईंनी विचारले, पेढे का?


अमरावती, २८ जानेवारी

दोन दिवसांत आठ पट्ट्या. एका खेपेला चार, त्याच दोन तबकांवर शेजारी शेजारी, म्हणजे वीज, द्रावण, वेळ सगळे सारखे. रेघ एकाच नळीने, एकाच मापाची. माझ्या डोळ्यांनी पक्षपात करू नये म्हणून शांताकडून कुप्यांचे आकडे बदलून घेतले. खरी यादी तिच्या पेटीत. (ती आता रक्ताला सरावली आहे. म्हणते, ही बाटली निदान माणसांची आहे.)

धुऊन झाल्यावर आठही पट्ट्या काचेवर मांडल्या. यादी न पाहता तीन एकीकडे काढल्या, पाच दुसरीकडे. मग शांताने यादी वाचली. एकही चूक नाही.

तीन पट्ट्यांवर पुढचा पट्टा गडद, शाईचे बोट टेकावे तसा. पाचांवर फिकट. गोदीचा तर असा की पट्टी उजेडापुढे धरावी लागते. मागचे पट्टे मात्र सगळ्यांचे ठळक.

आनंद व्हायला हवा होता. पट्टी गोदीची आहे हे कळले तेव्हा आला तो रागच. रविवारच्या रविवारी वाटीभर वरण, आणि भिंतीवर सुवाच्य अक्षर.


३० जानेवारी

उरलेल्या रक्तजलाच्या पुन्हा आठ पट्ट्या. या वेळी पट्टे कापून सोड्याच्या पाण्यात रंग उतरवला आणि नळ्यांत शेजारी धरून ताडून पाहिला. तेच उत्तर.

सर म्हणाले, काम फारच नेटके आहे. पुढे म्हणाले, समितीपुढे जाताना कॉलेजचे नाव मात्र नको, बॅटरी आणि रसायने अभ्यासक्रमासाठी आहेत. परवापर्यंत ते हेच काम 'आपल्या प्रयोगशाळेचे' म्हणून सगळ्यांना दाखवत होते.


अकोला, ६ फेब्रुवारी

समितीची बैठक. लिहावेसे वाटत नाही, पण आज लिहिले नाही तर उद्या मीच ते सौम्य करून आठवीन.

पाच सभासद, आणि चिटणीस म्हणून वकीलसाहेब. सदन त्यांच्याच खटपटीने उभे आहे. ते उद्धट नाहीत, हीच अडचण. मला बाळ म्हणाले, खुर्ची दिली. डॉक्टरीणबाईंनी सूज का येते ते सांगितले. मी पट्ट्या काचेवर मांडल्या. वकीलसाहेबांनी वाकून प्रत्येक पट्टी पाहिली, फिकट आणि गडद यांतला फरक त्यांना कोणी न सांगता दिसला. शाबास म्हणाले. मग कुपीवरची तारीख विचारली.

मी सांगितली.

त्यांनी भिंतीच्या खुंटीवरचे पंचांग काढले, शांतपणे पान उलटले आणि पंचांग माझ्या पट्ट्यांशेजारी ठेवले.

"त्या दिवशी एकादशी होती, बाळ. या बायका दशमीच्या दुपारपासून उपाशी होत्या. तू जेवून आली होतीस. उपाशी माणसाचे रक्त फिकेच निघणार."

सभासद हसले. वाईट हसले नाहीत, लहान मूल पंगतीत सांडते तेव्हा हसतात तसे. एक म्हणाले, सायन्स शिकल्या की पोरी तिथी विसरतात. डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या की एका दिवसाच्या उपवासाने अल्ब्युमिन उतरत नाही. वकीलसाहेबांनी मला विचारले, हे तू करून पाहिलेस का?

नाही म्हणाले. खरे होते. तारखेशिवाय एवढा एकच शब्द मी त्या बैठकीत बोलले.


७ फेब्रुवारी, बडनेरा स्टेशन

गाडीला उशीर आहे. राग कोणाकोणाचा येतो ते लिहून काढते, म्हणजे डोके हलके होईल.

वकीलसाहेबांचा: ज्यांनी तीनदा सांगूनही पायांतले खळगे पाहिले नाहीत, त्यांना पंचांगाचे पान एका क्षणात सापडले.

सभासदांचा.

सर्वांत जास्त माझा. आठ कुप्यांवर इंग्रजी तारीख लिहिताना मला केवढा अभिमान. स्वतःपासूनही आकडे लपवले, वीज, द्रावण, वेळ सारे सारखे ठेवले, आणि ज्या घरात आई दर पंधरवड्याला भगर शिजवते त्या घरातल्या मुलीने एकदाही विचारले नाही की मंगळवारी सकाळी सदनात चूल का नसते. गोदीने सांगितले होते. मी फक्त 'साऱ्याजणी मोकळ्या' एवढेच ऐकले. कोणी परदेशी संशोधक असता तर त्याला माफ होते.

आणि तरी त्यांचे म्हणणे चूक आहे. चूक आहे हे मला ठाऊक आहे, पण पुस्तकातून, पट्टीवरून नाही. परवा पुन्हा एकादशी येते आहे.


अमरावती, १० फेब्रुवारी

८ ला संध्याकाळी जेवणाआधी रक्त दिले. ९ ला एकादशी, पाण्याशिवाय काही नाही, संध्याकाळी रक्त. आज जेवणानंतर तिसरे. शांता नेहमीच एकादशी करते. तिलाही गळ घातली, तिचीही तीन. कॉलेजच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, दोघींनी आता वर्षभर दंडात वाक्या घालू नका.

काल दुपारी वर्गात डोळ्यांपुढे काजवे आले. गोदी हे महिन्यातून दोनदा करते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात पुन्हा भाकरी आणि पालेभाजीच.


१२ फेब्रुवारी

सहा पट्ट्या. उपवासापूर्वीची, उपवासाची, नंतरची: तिन्ही सारख्या. शांताच्याही. रंग उतरवूनही सारख्याच. आता कुप्यांवर तारखेखाली तिथी आहे.

सरांना म्हटले, पाहिल्याची सही द्या. ते म्हणाले, सही कशाला, पट्ट्या स्वतः बोलतात. पट्ट्या बोलत असत्या तर मला का जावे लागले असते.


अकोला, २० फेब्रुवारी

वकीलसाहेबांच्या घरी गेले. सोबत बाबा. बाबा ओसरीवर जोड्यांशेजारी बसले, आत या म्हटले तरी येईनात. "तुमी बोला साहेब, मले त्यातलं समजत नाई. पोरगी खोटं नाई सांगत, येवढंच मले माहीत हाये."

सहा पट्ट्या मांडल्या. माझ्या तीन, शांताच्या तीन. सांगण्याची तालीम रेल्वेत केली होती, तरी आवाज चिमणीसारखा निघाला. त्यांनी नीट ऐकून घेतले, पट्ट्या उजेडापुढे धरल्या. मग समजूत घालण्याच्या सुरात बोलले. ते जसेच्या तसे:

"बाळ, तू खात्यापित्या घरची. तुला एका एकादशीने काय होणार? त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगात आधीच..."

आणि थांबले.

मला वाटते, त्यांनाही ते त्याच क्षणी ऐकू आले.

मी म्हणाले, "आधीच काय, वकीलसाहेब?"

मी म्हणाले. लिहिताना अजून खरे वाटत नाही. त्यांनी पानाचे तबक पुढे ओढले, मागे सारले. बाहेर बाबा खोकले. मी पट्ट्यांकडे पाहत होते, ते अंगणातल्या तुळशीकडे.

मग ते वकील झाले. सदनात यापुढे समितीच्या लेखी परवानगीवाचून कोणी रक्त घ्यायचे नाही. वरण मात्र २८ तारखेपासून रोज, महिनाभर, दोन्ही वेळा देऊन पाहू. हा समितीचा औदार्याचा निर्णय समजावा. मोबदल्यात मी लिहून द्यायचे की माझ्या पट्ट्या विद्यार्थिदशेतला सराव होता, त्यांवरून काहीही सिद्ध झालेले नाही, आणि सदनाचा त्यांच्याशी संबंध नाही.

ते दुष्ट नाहीत. जे दिसले ते त्यांना पुरते दिसले आहे, म्हणून तर वरण देतात. फक्त ते एका माळ्याच्या मुलीने दाखवले असे कुठे राहायला नको.

परतताना बाबा म्हणाले, "डाळ देऊन राह्यले ना? मंग भांडन कायचं?" मी चिडले. बाबांवर, ज्यांनी माझ्यासाठी सकाळचा बाजार बुडवला होता. वाईट वाटते.


२१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई: अजिबात लिहून देऊ नकोस. महिन्याने वरण बंद होईल, तेव्हा दाखवायला तुझ्याजवळ काय असेल? आणि त्यांच्या फायलीत तुझ्याच अक्षरात, काही सिद्ध झाले नाही.

गोदी: लिहून दे. कुंपणापाशी दोन मिनिटे भेटली, हातात केरसुणी. "कागदावर काय लिह्यलं ते कोन वाचते वं? वरन तं पोटात जाईन. तुह्यं नाव गेलं तं तू दुसरं काई शोधशीन."

मी रागाने म्हणाले, नावासाठी नाही. ती म्हणाली, "मंग काहून रडून राह्यली?"

काही अंशी नावासाठी आहे. इथे तरी खरे लिहावे.


अमरावती, २४ फेब्रुवारी

आज पुन्हा एकादशी. शांता शेजारी भगर खाते आहे आणि मी मसुदा करते आहे. सातवा.

शेवटी असा: 'दि. २५ जानेवारी (एकादशी) रोजी घेतलेल्या रक्तावरून काढलेल्या माझ्या पट्ट्या हा विद्यार्थिदशेतील प्रयत्न असून, केवळ त्यांवरून सूज व आहार यांचा संबंध सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. रोज डाळीचा आहार महिनाभर दिल्यानंतर, एकादशी सोडून अन्य दिवशी, त्याच पाच स्त्रियांचे रक्त पुन्हा तपासल्यावाचून निश्चित काही म्हणता येणार नाही.'

यात एकही शब्द खोटा नाही. शास्त्राच्या दृष्टीने तर त्यांनी मागितलेल्या मजकुरापेक्षा हा अधिक खरा. त्यांनी अट म्हणून जे मागितले तेच मी प्रयोगाचा पूर्वार्ध म्हणून दिले आहे. उत्तरार्ध म्हणजे महिनाभर वरण, मग तीच पट्टी. पुढचा पट्टा गडद झाला तर पंचांग काय करील?

टपालात टाकले.


४ मार्च

सोमवारपासून वरण सुरू झाले आहे. बाबा आज बाजारासाठी आले होते, त्यांनी सांगितले. सदनात भाजी तेच पोचवतात. गोदीने निरोप दिला की पहिल्या दिवशी तिघीजणींना ते पचले नाही, आणि काशीबाईंनी लगेच उष्णतेचा पुरावा म्हणून लिहून ठेवले.

आजच्याच टपालाने माझा कागद परत. वकीलसाहेबांच्या सुबक अक्षरात समासात टीप: याखाली सही करून पाठवावे. दुसरे वाक्य तांबड्या शाईने खोडले आहे. 'रोज डाळीचा आहार' पासून 'म्हणता येणार नाही' पर्यंत. फूटपट्टी लावून, सरळ एक रेघ. खाली बारीक: सही आल्यावर वरण पुढे चालू ठेवण्याचा विचार करता येईल.

म्हणजे महिनाही पुरा नाही. सहीवर टांगलेला.

सर म्हणाले, परीक्षा तोंडावर आली आहे, सही करून मोकळी हो. सगळे मला मोकळी करायला टपले आहेत.


अकोला, ६ मार्च

रविवार म्हणून एका दिवसासाठी आले. माझा कागद, पण ताट गोदीचे. तिला विचारल्याशिवाय काही करायचे नाही असे गाडीत ठरवले.

तिला सगळे वाचून दाखवले, कुंपणापाशीच, खोडलेलेही. सही केली आणि गप्प बसले तर वरण राहील कदाचित. वाक्य परत लिहिले तर कदाचित उद्याच बंद. कदाचित रागाने तिला सासरी धाडतील. काशीबाई तसे बोलून चुकल्या आहेत. सगळे कदाचित मी सांगितले, एकही लपवले नाही.

ती बराच वेळ केरसुणीच्या काड्या सारख्या करत होती. मग वर न पाहता म्हणाली, "सही करून देल्लं तं वरन मेहेरबानीचं. आज हाये, उद्या नाई. रगत तपासलं तं..." पुढचा शब्द तिला सापडला नाही. मलाही नाही. हक्क हा शब्द पुस्तकातला वाटतो.

आतून काशीबाईंची हाक आली. जाता जाता म्हणाली, "लिही तू. मी आतल्या चौघींशी बोलते. पन रगत घ्याले एकादशीले येऊ नको, माय."

नडगी पाहू दिली नाही. सात दिवसांत काय फरक पडणार, म्हणाली.


७ मार्च, सकाळी

खोडलेले वाक्य त्याच ठिकाणी, तांबड्या रेघेच्या वरच्या मोकळ्या जागेत, जसेच्या तसे पुन्हा लिहिले. अक्षर लहान करावे लागले. सही त्याच्याखाली, पूर्ण नावाची. तारीख घातली, तिथीही. तशीच एक प्रत डॉक्टरीणबाईंकडे ठेवली आहे.

बाबांनी कागद वाचला नाही. धोतराच्या सोग्याला हात पुसून घेतला आणि टोपीत ठेवला, तिथे तो भिजत नाही म्हणतात. भाजीची पाटी घेऊन ते आता सदनात जातील, आणि तिथून वकीलसाहेबांकडे. मी येऊ का म्हटले. "नको. तू अभ्यास कर. मी देतो आन् थांबतो. वाचूस्तोर थांबतो."

माझी गाडी साडेदहाची. बाबा तोपर्यंत परतणार नाहीत. दुपारी सदनात वरण शिजले की नाही हे मला अमरावतीला गुरुवारी कळेल, टपालाने, कळले तर.